राखणीचा कोंबडा अंगावर येतो, काय करावं?

प्रश्न: आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. घरामागच्या परड्यात सहा गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत, एक तांबडा आणि एक काळा. तांबडा आठवड्याचा असताना त्याची आई मुंगसाने नेली, म्हणून माझ्या पाच वर्षांच्या मुलीने त्याला स्वयंपाकघरात, हातावर दाणे देऊन वाढवला. आता तो नऊ महिन्यांचा आहे आणि गेले दोन महिने माणसांच्या अंगावर येतो. अंडी काढायला गेलं, केर काढायला वाकलं की मागून झडप घालतो. परवा सासूबाईंच्या पोटरीत त्याच्या पायाचा काटा घुसला. त्यांच्या पायांच्या शिरा आधीच फुगलेल्या आहेत. मिस्टर काठी घेऊन त्याच्या मागे लागतात, पण तो जास्तच चवताळतो. शेजारी म्हणतात, मिरच्या चारा, नाहीतर पाय बांधून ठेवा. काढून टाकावा तर सासूबाई म्हणतात की तो राखणीला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला द्यायला बोललेला आहे, विकायचा नाही. दोन कोंबड्यांच्या पाठीवरची पिसंही गेली आहेत. काय करू?

उत्तर: ताई, कोंबड्याकडे मागाहून वळू. आधी घरातल्या दोन माणसांचं बघा.

मुलीला आजपासून परड्यात एकटी सोडू नका, पाच मिनिटांसाठीही नको. कोंबडा उडी मारून पाय पुढे करतो तेव्हा ते पाय मोठ्या माणसाच्या मांडीशी येतात, पण पाच वर्षांच्या मुलाच्या थेट तोंडाशी. डोळ्याला लागलं तर डोळा चोळू नका, दाबू नका, घरातलं कुठलंही औषध घालू नका. वरून स्वच्छ वाटी पालथी धरून सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या. तो तिचा कोंबडा आहे, तिला वाईट वाटणारच. कुंपणाबाहेरून दाणे टाकायचं काम तिच्याकडे राहू द्या.

सासूबाईंच्या बाबतीत धोका पोटरीच्या जखमेहून मोठा आहे. फुगलेली शीर कातडीच्या अगदी लगत असते आणि तिच्यात रक्ताचा दाब जास्त असतो. ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करताना ७६ वर्षांच्या एका बाईंच्या पायावरच्या अशाच शिरेवर कोंबड्याने चोच मारली आणि रक्तस्रावाने त्या दगावल्या. २०१९ मध्ये न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात त्याची नोंद छापून आली. जखमा अगदी लहान होत्या. म्हणून सासूबाईंनी तूर्त परड्यात जाऊच नये. कधी तिथून रक्त आलंच तर त्यांना खुर्चीवर बसवू नका. पाय खाली लोंबकळत राहिला की रक्त थांबत नाही. जागेवरच आडवं करा, पाय छातीपेक्षा वर उचलून धरा आणि घडी केलेलं स्वच्छ कापड जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघू नका. हळद भरण्यात वेळ घालवू नका. दाब सोडल्यावर पुन्हा वाहू लागलं तर दाब धरूनच दवाखाना गाठा.

परवाची जखम वरून बारीक दिसत असेल, पण काटा खिळ्यासारखा आत जातो. वरचं तोंड मिटतं आणि कोंबड्याच्या पायाची घाण आत राहते. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायला हवी होती. तेव्हा धुतली नसेल तर आता धुवा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल किंवा आठवतच नसेल, तर ते आज घ्या. भोवती लाली पसरली, जागा गरम लागली, ठणका वाढला तर डॉक्टरांना दाखवायचंच, आणि मधुमेह असेल तर त्याची वाट न बघता दाखवा. कुत्रा चावल्यावर घेतात ती इंजेक्शनं मात्र नकोत, पक्ष्यांपासून रेबीज होत नाही.

आता तो असा का झाला ते. कोंबडीमागे वाढलेलं नर पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत मोठ्या कोंबड्यांच्या टोच्या खात असतं. आगाऊपणा केला की डोक्यात एक चोच बसते, आणि कुणापुढे बाजूला व्हायचं हे ते शिकतं. तुमच्या तांबड्याला ही शाळा मिळालीच नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे दाणे देणारा सोबती, ज्याची भीती बाळगायचं कारण नाही. पाच-सहा महिन्यांनंतर नराच्या अंगात जोर येतो तेव्हा तो जोर तो ज्यांना आपल्यातलं समजतो त्यांच्यावर काढतो. म्हणून लाडाने हातावर वाढवलेला कोंबडा बुजऱ्या कोंबड्यापेक्षा जास्त अंगावर येतो. मुलीची यात काही चूक नाही. कोंबडी असती तर असंच वाढवून ती माणसाळलेली, गरीब झाली असती. नराच्या बाबतीत तेच उलटतं.

तो झडप घालण्याआधी काय करतो ते दोन दिवस लांबून बघा. आधी तो थांबतो आणि एका डोळ्याने रोखून पाहतो. मग एक पंख जमिनीला घासेल इतका खाली पाडून कडेकडेने, खुरडत जवळ येतो. कधी दाणा नसलेल्या जागी उगाच दोन-चार चोची मारतो. त्याला भूक लागलीय असं वाटतं, पण ती भूक नव्हे, धमकी असते. मानेची पिसं छत्रीसारखी उघडली आणि डोकं खाली गेलं की पुढची गोष्ट उडी. या सगळ्यात तीन-चार सेकंद जातात आणि तेवढे तुम्हाला पुरतात. तुमची पाठ वळलेली असते तेव्हा हे दिसत नाही, म्हणून ‘मागून झडप’ वाटते. परड्यात असताना त्याला नेहमी डोळ्यांच्या कडेला ठेवा.

काठीने तो आणखी चवताळतो, कारण काठी म्हणजे त्याच्या भाषेत आव्हान स्वीकारणं. दोन कोंबडे भिडतात तेव्हा हेच करतात: एक मारतो, दुसरा उलटून मारतो. तुमच्या यजमानांनी चार फटके मारले आणि मग कामाला निघून गेले की त्याच्या हिशेबी समोरचा पळाला, तो जिंकला. ओरडत घरात पळणं हाही त्याचा विजयच. लाथेने तर बरगडी नाहीतर पाय मोडतो आणि दुखणारा कोंबडा अधिकच अंगावर येतो.

मिरच्यांचा काहीच उपयोग नाही. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, रानात पोपट मिरच्या खातात तसा हाही खाईल. पाय बांधून ठेवण्याने दोरी नळीत रुतते, पाय सुजतो आणि कुत्रं आलं तर त्याला पळता येत नाही. पायाला धरून उलटा टांगणंही नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) नसतं, उलटा धरला की आतड्यांचा भार हवेच्या पिशव्यांवर येतो आणि तो गुदमरतो. तो शांत झाल्यासारखा दिसतो तो त्यामुळे.

ज्याने फरक पडतो ते कंटाळवाणं आहे आणि निदान तीन आठवडे रोज करावं लागतं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जाड पँट घाला. वाऱ्याने फडफडणारी मॅक्सी, ओढणी, पदर त्याला चेतवतात. एका हातात जुनं सूप किंवा पिंपाचं प्लास्टिकचं मोठं झाकण घ्या. ते मारायला नाही, भिंत म्हणून. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं परड्यात नुसत्या हळूहळू फिरा. तो जिथे उभा असेल तिथून जायचं आणि बाजूला त्याने व्हायचं, तुम्ही वळसा घालायचा नाही. तो रोखून पाहू लागला की थांबा, मागे सरकू नका, हात हलवू नका, बोलूही नका. उडी मारली तर सूप पायांसमोर धरा आणि त्याला त्यावर आपटू द्या. सुपाने ढकलू नका. दोन-तीनदा आपटून काहीच होत नाही, ना पळ ना फटका, हे कळलं की तो गोंधळतो. पिसं मिटवून, तोंड वळवून कोंबड्यांकडे निघून गेला की मगच तुम्ही तिथून हलायचं. त्याच्या आधी निघालात तर त्या दिवसाची मेहनत वाया.

पहिल्या चार-पाच दिवसांत झडपा वाढतात. इथेच बहुतेक घरं धीर सोडतात. दुसऱ्या आठवड्यात त्या निम्म्यावर यायला हव्यात. आणि हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगळं करायचं, कारण कोंबडा माणसं चेहऱ्याने ओळखतो. तुमच्यापुढे मवाळ झालेला तांबडा यजमानांवर तसाच धावून जाईल.

दाणे त्याच्यासमोर हातातून देणं आता कायमचं बंद. दाणे दोन-तीन ठिकाणी, पाच-सहा पावलांच्या अंतराने टाका आणि तिथून चालू लागा. तुमच्या पायांशी दाणे पडले की तो कोंबड्यांना ‘कुक कुक’ करून बोलावतो आणि मग त्या दाण्यांची राखण तुमच्यापासूनच करतो. अंडी सकाळी काढू नका. गावठी कोंबड्या बहुतेक सकाळीच घालतात, तेव्हा खुराड्यात हात घातला की कोंबडी ओरडते आणि तो धावत येतो. दुपारी सगळ्या बाहेर चरत असताना काढा. जमलं तर खुराड्याच्या मागच्या बाजूने हात जाईल एवढं झाकणाचं भोक करून घ्या, मग परड्यात शिरायलाच नको. केरही तो खुराड्यात असतानाच काढा. जमिनीलगत खसखसत जाणारी हिराची झाडू त्याला मान पसरून आलेला दुसरा कोंबडाच वाटतो.

एक तपासणी राहिली. अंधार पडल्यावर कोंबडा निमूट असतो, म्हणून ही कामं रात्री करायची. बॅटरीचा उजेड दुसरीकडे वळवून दांडीवरून त्याला उचला: दोन्ही तळव्यांनी पंख अंगाशी दाबायचे, मग उजवा हात छातीखाली घालून दोन नळ्यांमध्ये एक बोट ठेवायचं आणि डाव्या काखेत घ्यायचा, डोकं मागच्या बाजूला. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. तळपायाला काळी खपली आणि सूज, शेपटीखाली पिसांच्या मुळाशी उवा-पिसवा, एखादा डोळा धुरकट असं काही आढळलं, तर नुसत्या शिकवणीने भागणार नाही. एका डोळ्याने न दिसणारा कोंबडा त्या बाजूने आलेल्या कशालाही घाबरून झडप घालतो. पावसात सारखा ओल्या जमिनीवर राहिला की तळपाय चिघळतो. अशा वेळी त्याला टोंक किंवा सोनसडो इथल्या सरकारी पशुवैद्यकीय इस्पितळात दाखवा.

त्याच रात्री काटे बोथट करा. काट्याच्या आत हाड असतं आणि त्यात रक्त असतं, वर फक्त शिंगासारखं आवरण. मुळाशी कापलात तर भळाभळा रक्त येतं. नऊ महिन्यांच्या कोंबड्याचा काटा फार लांब नसतो, त्यामुळे कात्री नकोच, कानसच पुरे. एकाने धरायचा, दुसऱ्याने फक्त टोक तीन-चार मिलिमीटर घासून मटारासारखं गोल करायचं. घासताना गुलाबी ठिपका दिसू लागला की थांबा. चुकून रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा मक्याचं पीठ दाबून धरा. दर दोन महिन्यांनी पुन्हा घासावं लागेल. उकडलेला गरम बटाटा खुपसून आवरण पिळून काढायची एक युक्ती सांगतात, ती मुळीच करू नका. आतलं उघडं हाड आठवडाभर दुखत राहतं.

कोंबड्यांच्या पाठीची पिसं गेली त्याचं कारण मात्र वेगळं आहे: सहा माद्यांमागे दोन नर. एका नरामागे आठ ते दहा माद्या असाव्यात. कमी असल्या की त्यातल्या एकदोघींवरच तो सारखा चढतो आणि काट्यांनी व नखांनी पाठ सोलली जाते. त्या दोघींना पिसं फुटेपर्यंत वेगळं ठेवा. पाठीवर जखम असेल तर बाकीच्या कोंबड्या लाल रंग बघून तिथेच टोचतात.

तुमच्या पत्रातली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे काळा कोंबडा. त्याच्याबद्दल तुम्ही एकाही तक्रारीचा शब्द लिहिलेला नाही. परड्यात ठेवायचा नर तो आहे. बहुतेक घरी उलटं होतं: तुरा मोठा, रंग झळझळीत म्हणून भांडखोर राहतो आणि गरीब कोंबडा शागोतीत जातो. मग पिल्लंही त्याच भांडखोराची होतात आणि नराचा स्वभाव पुष्कळसा वंशातून येतो. काळ्याला कोंबड्यांबरोबर सोडा आणि तांबड्याला वेगळा करा. एवढंच ध्यानात ठेवा की वरचढ नर बाजूला झाला की दबलेल्याचा स्वभाव बदलू शकतो, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे काळ्यावरही लक्ष असू द्या. आणि एकदा वेगळे केलेत की पुन्हा एकत्र सोडू नका. महिन्याने भेटलेले दोन कोंबडे रक्त निघेपर्यंत भांडतात.

तांबड्यासाठी सहा बाय आठ फुटांचा, उभं राहता येईल असा सहा फूट उंच कोंडवाडा करा. खाली चिऱ्यांचा एक थर, त्यावर अर्ध्या इंचाची जाळी. मुंगूस खालून उकरतो, पण आपल्या जांभ्यात जाळी पुरणं अवघड. त्याऐवजी ती बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीवर पसरा आणि वर चिरे ठेवा. नैर्ऋत्येची आणि पश्चिमेची बाजू पत्र्याने किंवा माडाच्या झापाने बंद करा, पाऊस तिथूनच झोडपतो. जाळीचे खालचे दोन फूट चारही बाजूंनी झापाने झाका, म्हणजे काळा आणि तांबडा जाळीतून एकमेकांना टोचून तुरे फाडणार नाहीत. वरच्या भागातून त्याला कोंबड्या दिसू द्या, त्या दिसल्या की तो एकटा फार अस्वस्थ होत नाही. सोबतीला एकच कोंबडी मात्र घालू नका, तिची पाठ पंधरवड्यात उघडी पडेल. खाली तीन-चार इंच तूस घाला, तो ओला झाला की बदला. दाण्याचं आणि पाण्याचं भांडं आठ इंचांच्या खिडकीतून बाहेरूनच ठेवता आलं तर आत जायची वेळ फक्त तूस बदलताना येईल. वर लिहिलेली शिकवणी तरीही करायची आहे, कारण त्या वेळी आत कुणीतरी शिरणारच.

राखणीचं म्हणाल तर सासूबाईंचा शब्द मोडायची गरज नाही. राखणीला बोललेला कोंबडा विकत नाहीत, पण तो मोकळाच फिरला पाहिजे असं काही नाही. कोंडवाड्यात राहून तो राखणीच्या दिवसापर्यंत घरचाच राहतो. तीन-चार आठवड्यांनी फरक पडला नाही, किंवा मध्येच कुणाच्या तोंडावर झडप गेली, तर मात्र थांबू नका. त्याच्या जागी दुसरा कोंबडा चालतो का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि गावच्या मानकऱ्यांना विचारा. नातीच्या डोळ्यांचा प्रश्न आहे हे त्यांना स्पष्ट सांगा.

विकायची वेळ आली तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक मिळेल. तो अंगावर येतो हे घेणाऱ्याला सांगून विका, लहान मुलांच्या घरी पाळायला जाऊ देऊ नका. आणि मांसाचा भाव न विचारता काटे किती, भांडतो कसा हे विचारणारा भेटला तर सरळ नाही म्हणा. झुंजीला प्राणी लावणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे.

सासूबाईंना अंड्यांची काळजी असेल तर तीही सांगून टाका: अंडी घालायला कोंबडीला नर लागत नाही, फक्त पिल्लं काढायला लागतो. नर वेगळा केल्यावरही दोन-तीन आठवडे त्याचीच फलित अंडी येत राहतात. काळ्याची पिल्लं हवी असतील तर तीन आठवडे थांबून मगच खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवा. त्यातले नर कोंबडीमागेच वाढू द्या, त्यांना हातावर घेऊ नका. मुलीला लाड करायला एक तलंग (अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी) द्या. पाच महिन्यांनी त्या नरांच्या मधून चालत जा: जो दाणे सोडून बाजूला होतो पण बावरून पळत नाही, तोच पुढच्या वर्षासाठी ठेवा.